गझालाचा गोऱ्हा

ढाणकीत फवारणीचा पंप बिघडला की लोक शाहिदच्या दुकानात येतात. पंप खोलते मात्र त्याची बायको, गझाला. वडील गेल्यावर तिचं तंत्रनिकेतन अर्ध्यात सुटलं होतं. लग्न होऊन आली तर शाहिदने तिला थेट कामाच्या टेबलावर बसवलं. ही गोष्ट ती आजही आल्यागेल्याला सांगते.

एकदा तिने मोबाईलवर रोबोंची कुस्ती पाहिली. एका रोबोने समोरच्याखाली फळी सारली आणि त्याला उचलून पालथा पाडला. सगळं हवेच्या जोरावर.

"मले असा बनवायचा हाय," ती म्हणाली.

"बनव ना," शाहिद म्हणाला. "मी गिऱ्हाइक पाहतो."

गझालाने रोबोचं नाव ठेवलं गोऱ्हा. हवेच्या दाबाने दांडा ढकलणारा सिलिंडर कापसाच्या जिनिंगच्या भंगारातून मिळाला. घरात लेकरू रांगत होतं, म्हणून दाब कमीच ठेवायचा हे तिने आधीच ठरवलं. हवा साठवायला छोटी टाकी आणली, तीसुद्धा पहिल्यांदा पाणी भरून, फवारणीच्या पंपाने दाब देऊन तपासली. पाण्याने भरलेली टाकी फाटली तरी उडत नाही.

पण फळी काही उसळेना. बाजेवरून म्हातारं माणूस उठावं तशी हळूहळू वर यायची. बरेच दिवस गझाला त्यातच अडकली होती. मग एका शेतकऱ्याचा पंप आला. मोटर चांगली, बॅटरी चांगली, तरी फवारा बारीक. पाहते तर नळी दबलेली. तिचे हात थांबले. तिच्या गोऱ्ह्यातही हवा भरपूर होती, वाटच अरुंद होती. तिने जाड नळी लावली, मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह बसवला आणि सिलिंडरला अगदी लागून आणखी एक छोटी टाकी जोडली. बटण दाबलं तर फळीवर ठेवलेलं सोयाबीनचं अर्धं पोतं पलीकडे जाऊन पडलं.

शाहिद पोतं उचलत म्हणाला, "आता नागपूरले जाय, रोबोंच्या कुस्तीले. लेकराले मी पाहतो."

नागपूरच्या स्पर्धेत तपासणाऱ्याने गोऱ्ह्याची सेफ्टी झडप ओढून पाहिली. ती जाम झाली होती. दाब वाढला तर हवा सोडणारी तीच. "असा रोबो रिंगणात सोडता येणार नाही," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. रविवार होता, दुकानं बंद होती.

शेजारच्या टेबलावरून एक तरुण उठून आला. पुसदकडच्या तांड्यावरचा बादल राठोड. त्याच्या हातात नवी झडप होती.

"ताई, हे लावा. माह्याजवळ जास्तीची हाय."

"भाऊ, पह्यली कुस्ती तुमच्यासंगच हाय माही."

"म्हणूनच तं देऊन राह्यलो. न लढता जिंकलो तं घरी काय सांगू?"

झडप बसली, तपासणी झाली. कुस्ती सुरू होताच बादलच्या रोबोच्या फिरत्या पात्याने गोऱ्ह्याचं एक चाक उडवलं. गोऱ्हा जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. गझालाने बटणावर बोट ठेवून वाट पाहिली. बादलचा रोबो शेवटचा घाव घालायला सरळ अंगावर आला, फळीवर चढला, आणि तिने हवा सोडली. तो उताणा पडला, चाकं वरच फिरत राहिली. बादलने रिमोट खाली ठेवला आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

पुढच्या कुस्तीत गोऱ्ह्याची हवाच संपली आणि गझाला हरली. निघताना ती बादलची झडप काढून परत द्यायला गेली.

"राहू द्या, ताई," बादल म्हणाला. "तुमाले अजून लढायचं हाय."

घरी आल्यावर शाहिदने विचारलं, "कसं झालं?"

"एक जिंकली, एक हारली," ती म्हणाली. "पण तुमी पाठवलं नसतं, अन् त्या भाऊनं झडप देली नसती, तं यातलं काहीच झालं नसतं."

शाहिदने लेकरू तिच्या मांडीवर दिलं.

दिवाळीनंतर बादल स्वतःचा रोबो घेऊन ढाणकीला आला. त्यालाही हवेवरची फळी बसवायची होती. दुपारपर्यंत दोघांनी नळ्या कापल्या, जोड घट्ट केले. टेबल सामानाने भरलेलं होतं, म्हणून शाहिदने दुकानातच जमिनीवर चटई टाकली आणि तिघांची ताटं वाढली.