डिझेलची गाडी आणि वहिनींचं नागपूर

पेट्रोल पंपावर दादा मशीनच्या आकड्यांकडे पाहतच नसत. ते पाहत पाइप धरणाऱ्याच्या हाताकडे. "झिरो तर सारेच दाखवतात," ते म्हणत, "हात काय करून राहिला ते पाहा लागते." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; पण दादांएवढ्या निष्ठेनं संशय घेणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही.

जबलपूरच्या एका फॅक्टरीत आम्ही दोघं तपासणी विभागात होतो. ते माझे सीनियर, आणि घमापूरला आमच्या समोरच्याच घरात राहत. तयार झालेल्या प्रत्येक भागाचं माप घ्यायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर तेच केल्यामुळे असेल, कोणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मोजून पाहिलं काय?" मग समोर दूधवाला असो, डॉक्टर असो की स्थळ घेऊन आलेले पाहुणे.

रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी घ्यायचं काढलं, ते वहिनींसाठी. वहिनींच्या आईनं ऐंशी ओलांडली होती आणि ती नागपूरला राहत होती. वहिनींचे गुडघे इतके गेलेले, की स्टेशनचा पूल चढवत नसे आणि बसमध्ये पाय लांब करता येत नसत. भाड्याच्या गाडीवर आणि तिच्या ड्रायव्हरवर दादांचा विश्वास नव्हता. वर्ष उलटून गेलं तरी मायलेकींची भेट झाली नव्हती.

गाडी पेट्रोलची की डिझेलची, यात चार महिने गेले. डिझेल स्वस्त, पण डिझेलची गाडी महाग. म्हणजे भरपूर चालवली तरच परवडणार. शोरूममधल्या माणसानं ॲव्हरेज सांगितला, तेव्हा दादांनी तोच प्रश्न हिंदीत टाकला, "नाप के देखा क्या?" आणि त्या बिचाऱ्याला घेऊन आम्ही भेड़ाघाटला निघालो. टाकी गळ्यापर्यंत भरली. आत हवा राहिली असेल म्हणून दादांनी गाडी हातानं गदागदा हलवली आणि पुन्हा भरली. मला मागे बसवलं होतं ते केवळ वजन म्हणून. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा टाकी भरून पाहिली. ॲव्हरेज बराच कमी निघाला. "अंकल, रोड खराब था," तो माणूस म्हणाला. संशय खरा ठरल्याचा आनंद दादांच्या चेहऱ्यावर दोन दिवस टिकला.

मग एका रविवारी त्यांनी मला ओसरीत बसवून निकाल ऐकवला. हातातला कागद ते वाचत होते. कमानिया गेटचा बाजार, दवाखाना, पाहुणे आले तर भेड़ाघाट, आणि नागपूर वर्षातून दोनदा.

"पेट्रोलच परवडते," ते म्हणाले. "डिझेल वसूल करायचं तर महिन्यातून दोनदा नागपूर करा लागेल."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "मग पेट्रोलच घ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला नागपूरला न्यायचं तुमच्या मनातच नव्हतं. मला वाटूनच राहिलं होतं."

"अवं, असं काहून म्हणतेस?"

"वर्षातून दोनदा. तुम्हीच तर मोजलं."

जगावर संशय घेणाऱ्या माणसावरही कोणी संशय घेईल, हे दादांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मला वहिनींचं पटलं होतं, आणि दादांची कीवही आली. उठून जावं म्हटलं तर वहिनींनी हातात भरलेला कप दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिझेलची गाडी बुक केली. "दादा, हिशेबाचं काय झालं?" मी डिवचलं.

"हिशेब बराबर होता," ते म्हणाले. "मी नागपूर कमी धरलं होतं."

त्यानंतर महिन्यातून दोन शनिवारी गाडी पहाटे निघायची. सिवनीला चहा, दुपारच्या आत नागपूर. सासूबाईंना याचा वेगळाच संशय आला. जावई एवढ्या फेऱ्या मारून राहिला, म्हणजे घरावर डोळा आहे, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं. वहिनी हे हसत हसत सांगायच्या. दादा मात्र सासूबाईंवर खूश होते. "बाई पक्की आहे," म्हणायचे.

चौथ्या वर्षी सासूबाई गेल्या. वहिनी जवळ होत्या, शेवटचं पाणी त्यांच्याच हातचं. भेटायला गेलो तेव्हा मी काही तरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, की आता फेऱ्या थांबल्या, म्हणजे डिझेलचे जास्तीचे पैसे काही पुरते वसूल व्हायचे नाहीत. दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजून पाहिलं काय तू?"

आता दादाही नाहीत. परवा गाडी पाहायला एक गिऱ्हाईक आलं. वहिनींनी सोबतीला मला बोलावलं होतं. तो माणूस आत बसून किलोमीटरच्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"बुजुर्ग आदमी की गाड़ी इतनी कैसे चली? टैक्सी में लगाई थी क्या?"

"नहीं भैया," वहिनी म्हणाल्या. "मेरे मायके जाती थी."

त्याला ते खरं वाटलं नाही. त्याच्या जागी दादा असते, तर त्यांनाही वाटलं नसतं.