रुमालाखालचं भाडं

अमरावतीच्या कापूस बाजारामागे वर्गणीतून उभा केलेला एक मांडव होता. तिथे दंडारीचा नाचगाण्याचा गावरान खेळ होई, कीर्तन होई, कव्वालीही होई. त्याचं भाडं ठरवायचं काम पंचांनी नत्थुजी दलालांवर टाकलं. मुंबईत चार वर्षं नाटकं वाचून मी नुकताच परतलो होतो. नाटकाच्या जागेला भाडं असतं, हेच मला नवं होतं.

नत्थुजींना भाव ठरवायची एकच रीत ठाऊक, कापसाच्या सौद्याची. हातावर रुमाल टाकायचा, आत समोरच्याची बोटं दाबायची, तोंड उघडायचं नाही. एक बोट म्हणजे एक रुपया. विलायतेत कापसाची टंचाई होती आणि आमच्या शेठ लोकांना पैसा ठेवायला जागा नव्हती. जैनुद्दीन शेठच्या कव्वालीला नत्थुजींनी अख्खा पंजा चारदा दाबला. गरीब दंडारवाल्यांना एक बोट. हे त्यांनीच मला कानात सांगितलं. बाकी कुणाला कुणाचा भाव कळत नसे. शेठांच्या पैशावर पावसाळ्याआधी मांडवाचं छप्पर शाकारलं जाई.

मग माणिकबाई आल्या. कापूस वेचणाऱ्या बायांच्या म्होरक्या. नवसाची दंडार ठेवायची होती. भर बाजारात त्यांनी हात पुढे केला. नत्थुजींचा रुमाल खांद्यावरच राहिला. परक्या बाईचा हात धरायचा कसा?

"मंग तोंडानं सांगा ना, भाऊ," माणिकबाई म्हणाल्या. "मी काई बहिरी नाई."

शेजारी जैनुद्दीन शेठ कान देऊन उभे. एक रुपया ऐकला की तेही उद्यापासून एकच देणार, आणि छप्पर तसंच राहणार. नत्थुजींनी मला घरी पिटाळलं, बायकोला आणायला.

गोदाबाई पिठाच्या हातांनी आल्या. रुमालाखाली आधी नवऱ्याचा हात, मग माणिकबाईंचा. माणिकबाई हसल्या, पटलं म्हणाल्या आणि गेल्या.

वाटेत नत्थुजींनी बायकोला विचारलं, "एकच बोट दाबलं ना तिचं?"

"एकबी नाई. बोंडं वेचू वेचू फाटून गेली बोटं तिची. काय दाबू?"

"अन छप्पर?"

"ते तुमी पाहा."

महिन्याभरानं जैनुद्दीन शेठांना पुन्हा मांडव हवा होता. रुमाल पडला. पंजा चारदा दाबून झाला, तरी हात आतच राहिले. शेठांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी नत्थुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पण सौद्यात तोंड उघडायचं नाही, ही रीत त्यांनाही होतीच.

त्या वर्षी छप्पर वेळेवर शाकारलं.