उजव्या हातातला प्रसाद

त्या चैत्रात मी महाकालीला शिव्या दिल्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या तोंडाने, चंद्रपूरच्या एका दवाखान्यात जळीत वॉर्डाच्या पायऱ्यांवर बसून. आत माझी बायको पडली होती. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजलेला, छातीचाही थोडा भाग. तीस वर्षं आम्ही दोघं दर चैत्रात आलापल्लीहून देवीच्या जत्रेला येत होतो. यंदा देवीने आम्हाला ॲम्ब्युलन्समधून आणवलं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतो. लोक बिचारे मान खाली घालून निघून जात.

खरं म्हणजे आग मीच लावली होती. हे कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली. मी वनरक्षक होतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि त्यातून जंगल जळतं. पेटवू नका, झाडून घ्या, हे सांगत गावोगाव फिरण्यात माझी सगळी नोकरी गेली. कित्येकांना मी दम भरला, चारचौघांत अपमान केले. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बांधावरच्या मोहाखाली झाडायची पाळी आली, कंबर दुखली, आणि मी काडी ओढली. इतका सोपा हिशेब. वारा फिरला तेव्हा ती पलीकडे टोपली घेऊन वाकलेली होती. पेटलेला पदर तिने उजव्या मुठीत धरून चुरगाळून विझवायला पाहिला. मी पोचलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच हातून झालं," एवढंच म्हणाली. त्यानंतर मला तिच्याजवळ बसायची लाज वाटू लागली.

जीव वाचेल असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी देवळात जाऊन आलो. कुंकू आणि चार साखरफुटाणे लाल फडक्यात बांधून आणले, ती पुडी तिच्या पट्टी बांधलेल्या तळहातावर ठेवली आणि वरून बोटं मिटवली. "जखम भरेवर ही मूठ उघडाची नाई. मी देवीले कबूल केलं," असं तिला सांगितलं. ती माझं ऐकणारी. कोपर दुमडून, मूठ छातीशी धरून पडून राहू लागली. तसं धरलं की दुखतही कमी होतं, म्हणून मला वाटलं, नवस लागू पडला. ड्रेसिंगच्या वेळी सिस्टर पुडी काढून बाजूला ठेवायची आणि मला रागवायची. ती गेली की मी पुडी परत मुठीत द्यायचो.

फिजिओथेरपीच्या एक तरुण मॅडम रोज वॉर्डात येत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काका, हात असा दुमडून ठेवू नका. त्यांना ज्यात बरं वाटतं, त्यातच हात कायमचा अडकतो. नवी कातडी आकसत जाते. कोपर सरळ पाहिजे, तळवा उघडा पाहिजे आणि रोज हलवायला पाहिजे." त्यांनी हात नुसता धरला तर ही अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरची बाई रडू लागली. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. जखमेला आराम लागतो एवढंही या शिकलेल्या पोरीला कळत नाही, असं मला वाटलं. "आधी जखम भरू द्या, मंग कराचं ते करा," मी म्हणालो. "तेव्हा उशीर होईल, काका," त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. शेवटी नकार लिहून द्यायला सांगितलं, तर तोही दिला, खाली लफ्फेदार सही ठोकून. तरी त्या रोज येत, दारातून विचारत आणि मी खोटंच सांगत असे की ती आत्ताच झोपली आहे.

असे सहा दिवस गेले. जखमेला डॉक्टर बरं म्हणत होते, पण ही आतून विझत चालली होती. जेवण घेईना, बोलेना. सहाव्या दिवशी सकाळी मी चमच्याने पेज भरवत होतो, तर म्हणाली, "कोनतं बोट कुठी हाय, मले समजूनच नाई राह्यलं." मी म्हटलं, होईल बरं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "काऊन वाचवलं मले?" असं विचारलं तिने. पेजेची वाटी तशीच ठेवून मी उठलो आणि ऑटो करून देवळाकडे निघालो. काही मागायला नव्हे, भांडायला.

देवळात रांग होती. माझ्यापुढे पन्नाशीची एक बाई होती, हिरवं लुगडं, पदर अंगाभोवती घट्ट लपेटलेला. पुजाऱ्याने प्रसाद पुढे केला तर तिने डावा हात काढला. माझा स्वभाव तुम्हाला आता कळलाच असेल. बायको दवाखान्यात पडलेली असली तरी दुसऱ्याची चूक दिसली की माझी जीभ वळवळणारच. "बाई, देवीचा प्रसाद हाय, उजव्या हातात घ्या!" मी खेकसलो. ती वळली. चिडली नाही. डाव्या हाताने पदर बाजूला केला.

उजवा हात कोपरात दुमडून छातीला लागलेला होता. मूठ मिटलेली. बोटं तळहाताशी अशी चिकटली होती की कातडी कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"उघडतच नाई, भाऊ," ती म्हणाली. "सोळा वर्साची होती, चुलीवर जळली. मायनं हात हालूच देला नाई. माहं रडनं तिले पाहवे नाई. जखम पुरी भरली, हात तसाच राह्यला." मग देवीकडे बघून म्हणाली, "बाकी काई नाई, हात जोडाचे राहून गेले."

मागून लोक ढकलत होते. तिने आपल्या डाव्या हातातले दोन फुटाणे माझ्या हातावर ठेवले आणि गर्दीत निघून गेली. मी देवीपुढे उभा राहिलो, पण भांडायचं राहूनच गेलं. माझ्या बायकोची मूठ मीच बांधली होती. आधी जाळली आणि मग बांधली. मी रांगेतून बाहेर पडलो आणि तडक दवाखान्याकडे निघालो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा मॅडम वॉर्डातून निघतच होत्या. मी त्यांच्यापुढे दोन्ही हात जोडले. त्या लगेच परत फिरल्या. सिस्टरने दुखण्याचं औषध दिलं, अर्धा तास थांबलो, मग मी स्वतः ती पुडी काढून घेतली. बोटं तोवर आखडली होती. मॅडमनी एकेक बोट कसं धरायचं, मनगट कुठे टेकवायचं, कोपर किती दाबायचं ते मला दाखवलं, कारण पुढे घरी हे मलाच करायचं होतं. मी कोपर दाबलं. तीस वर्षांत जिने मला अरे म्हटलं नाही, ती ओरडली, "आग बी तुमीच लावली, अन् आता हाड बी तुमीच मोडा!" सगळ्या वॉर्डाने ऐकलं. मला वाटलं होतं, हे उघड झालं की मी मरेन. उलट कित्येक दिवसांनी श्वास नीट आत गेला. मी रडत होतो, पण हात सोडला नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, दहापर्यंत मोजा." मी मोजलं.

पुढचे महिने सुखाचे होते असं कोणी समजू नये. मांडीची कातडी काढून हातावर लावली, काही दिवस हालचाल थांबवली, मग पुन्हा पहिल्यापासून. तळव्याला आधाराची पट्टी बांधून ती झोपे. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ मी तिचा हात ताणायचो आणि ती मला शिव्या द्यायची. सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांमागे रखडत बसने तपासणीला जायचो-यायचो. कित्येकदा मला वाटलं, सोडून द्यावं सगळं. कोपर सरळ झालं. तीन बोटं उघडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वाकलेलंच राहिलं. ते माझ्या सहा दिवसांमुळे का, असं मी मॅडमना एकदा विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

पुढच्या चैत्रात आम्ही देवळात गेलो. हिरव्या लुगड्याच्या त्या बाईला मी रांगेत खूप शोधलं, फुलवाल्यांना विचारलं, पण कोणालाच माहीत नव्हती. माझा मेहुणा म्हणतो, देवीच आली होती. मला तसं म्हणवत नाही. देवी असती तर तिला हात जोडता न आल्याचं दुःख कशाला असतं? ती एक जळालेली बाई होती. मी तिच्यावर खेकसलो आणि तिने मला आपला हात दाखवला. देवीने तिला नेमकं माझ्यापुढे उभं केलं, एवढं मात्र मी मानतो. तेव्हापासून मी देवीला काही कबूल करत नाही, अटी घालत नाही. ती जे समोर आणेल ते ऐकून घेतो. माझ्यासारख्याला तेवढंच फार अवघड जातं.

पुजाऱ्याने प्रसाद पुढे केला. बायकोने उजवा हात काढला आणि तीन बोटं उघडली. वाकलेल्या दोन बोटांच्या बाजूने फुटाणे ओघळायला लागले. मी तिच्या हाताखाली माझी ओंजळ धरली.

"पडू देऊ नोका," ती म्हणाली.