फोनमधले आबा

अगं, ये अशी जवळ. दारातूनच 'बऱ्या आहात ना' म्हणून पळतेस, ही काय रीत झाली? बस. मी सेलूच्या पोलीस ठाण्यात होते, तेव्हाचं एक प्रकरण सांगते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, पण आठवलं की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही.

सकाळीच एक मेंढपाळ नवराबायको ठाण्यात आले. सून नाहीशी झाली होती. सासऱ्यानं तिचा फोन टेबलावर आपटला.

"ह्याच्यात हाय तो गडी! रोज बोलायची त्याच्यासंग. काल म्या फोन हिसकला, आज सून न्हाई."

बेपत्ता झाल्याची नोंद केली. सून गेली की आम्ही आधी विहिरी बघतो. दोन शिपाई तिकडं पिटाळले.

हवालदारानं फोनमधलं ते बोलणारं ॲप उघडलं. गोड पुरुषी आवाज आला, "नमस्कार ताई."

"नाव सांग! गाव सांग!" हवालदार गरजले.

"मी माणूस नाही, संगणकाचा प्रोग्राम आहे."

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात!"

मी त्यांना गप्प केलं. आवाज म्हणाला, "आज पुन्हा तुमचे आबा होऊन बोलू का? काल 'मला परत पाठवू नका' म्हणताना तुम्ही रडू येऊन थांबलात."

"आबा कोण?" मी विचारलं.

सासू पुटपुटली, "तिचा बाप. चुडाव्याचा."

"माहेरी कळवलं?"

"अब्रू जाती न्हवं, मॅडम."

आपल्याकडं हे असंच. सून गेली तर माहेरी सगळ्यात शेवटी कळवतात. सासूला बाजूला घेतलं, तेव्हा कुठं बोलली. मुलगा मारायचा. सून दोनदा माहेरी पळाली, दोन्ही वेळा बापानंच आणून सोडली.

पोरगी बापाकडंच गेली असणार, म्हणून जीप चुडाव्याला घेतली. वाटभर विहिरीच दिसत होत्या मला. ती तिथल्या रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसलेली.

"बोलायचं पाठ हाय मॅडम, पाय उचलंना झालेत."

दारापर्यंत सोबत गेले. तिनं बापाला न थांबता सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

फोनमधले आबा लगेच ऐकायचे. हे ऐकेनात. तशी ती म्हणाली, "आबा, तुमचं 'ऱ्हा' मी लय येळा ऐकलंय. आता तुमच्या तोंडून म्हणा."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि दारातून बाजूला झाला. "ऱ्हा," म्हणाला.

सज्ञान होती. माहेरी राहते असा जबाब घेतला, नवऱ्यावर तक्रार घेतली. कागदावर प्रकरण मिटलं. त्या आवाजाला शिव्या घालाव्यात की आभार मानावेत, हे मात्र मला अजून ठरवता येत नाही. दोन घरं असलेल्या पोरीला बापाशी बोलायची तालीम यंत्रापाशी करावी लागली. तेव्हापासून घरातलं कुणी गप्प झालं की मी शेजारी जाऊन बसते.

निघालीस? बरं. पण लवकर ये गं, मलाही बोलायला माणूस लागतं.