‘मैत्रिणीसाठी विचारतेय, डॉक्टर!’

परवा आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो होतो. एकीने विचारलं, "दिवसभर पाळी आणि वजन, पाळी आणि वजन! कंटाळा नाही येत गं तुला?"

मी म्हटलं, "तक्रारी त्याच असतात, पण पोरी दरवेळी नव्या असतात!"

आणि मग माझी गाडी सुरूच झाली. इंदिरानगरमधल्या माझ्या छोट्याशा दवाखान्यात किस्से असे साठलेत, की एक सांगायला घेतला की मागचे धक्काबुक्की करत पुढे येतात. नावं सांगणार नाही. पण ज्यांचे हे किस्से आहेत, त्यांचे आभार आधीच मानते. मनातली सगळ्यात नाजूक गोष्ट एका परक्या बाईला सांगायची, याला हिंमत लागते हो!

* * *

मला सगळ्यात जास्त पेशंट कोण पाठवतं माहितीये? ‘मैत्रीण’!

कॉलेजातली एक मुलगी आली. "डॉक्टर, मी मैत्रिणीसाठी विचारतेय हं. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही. वजन वाढलंय, हनुवटीवर केस येतायत. तिला पुढे मूल होणारच नाही का?"

मी सगळं समजावलं. हा पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, असू शकतो. कितीतरी मुलींना असतो. खाणं, झोप, व्यायाम सांभाळला, गरजेपुरती औषधं घेतली, की बहुतेकींची पाळी मार्गी लागते. आणि मूल होणारच नाही, हे तर साफ चूक! तिचा चेहरा एकदम खुलला.

"मैत्रिणीला म्हणावं, एकदा सोनोग्राफी करून घे. येताना भरपूर पाणी पिऊन ये."

ती खुर्चीत चुळबुळली. "आत्ताच करता का प्लीज? पाणी पिऊनच आलेय, आता धरवत नाहीये!"

* * *

आमच्या मंगल सिस्टरची एक सवय आहे. पेशंटचं वजन केलं की त्या आकडा मोठ्याने कधीच वाचत नाहीत. मुकाट्याने लिहितात आणि म्हणतात, "झालं, ये खाली."

एक बँकेतली मुलगी लांबून, पार शहराच्या दुसऱ्या टोकाकडून माझ्याकडे येते. मी सहज विचारलं, "अगं, तुझ्या घराजवळ इतके चांगले डॉक्टर आहेत, इतक्या लांब का येतेस?"

मला वाटलं, माझं काहीतरी कौतुक ऐकायला मिळणार.

ती म्हणाली, "एका ठिकाणी माझं वजन अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू गेलं होतं. त्यानंतर मी डॉक्टरकडे जाणंच सोडलं होतं. मंगल सिस्टर आहेत ना इथे, म्हणून येते."

मी काय, चालून जाते!

* * *

माझा स्वतःचा बांधा चांगला भरदार. लपवण्यासारखं काही नाही, लपतही नाही.

एक आई बारावीतल्या मुलीला घेऊन आली. सगळं आईच बोलत होती. "हिला काय झालंय ते मी नेटवर वाचलंय. फक्त तोंड बंद ठेव म्हणून तुम्ही सांगा, माझं ऐकत नाही." मुलीची मान खाली. मी आईला जरा बाहेर बसायला सांगितलं.

मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला पण पीसीओएस आहे?"

"नाही गं बाळा, मला मिसळ आहे. दर रविवारी!"

ती हसली. इतकी हसली, की हसता हसता रडायलाच लागली. वर्गातल्या मुली चिडवतात म्हणून ती शाळेपासून डबा न खाता परत आणायची आणि घरी आल्यावर लपून काहीबाही खायची. हे तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. मग आईला आत बोलावलं. आईने लेकीचा हात धरून ठेवला.

निघताना मुलगी माझ्या कानाशी आली. "आईला तेवढं सांगा ना, मिसळ औषधातच येते म्हणून!"

* * *

सुरगाण्याकडची एक मुलगी इथे होस्टेलवर राहून पळायचा सराव करते. वाऱ्यासारखी पळते! पाय दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेली, तर हाडाला बारीक तडा. त्यांनी पाळीची चौकशी केली आणि तिला माझ्याकडे पाठवलं. तिची पाळी कित्येक महिने बंद होती.

"ते बरंच झालं ना मॅडम? सरावाच्या मध्ये येत नाही."

मी तिला आणि तिच्या सरांना समोरासमोर बसवलं. हलकं राहायचं म्हणून ती अर्धपोटी पळत होती. शरीराला पुरेसं खायला मिळालं नाही, की ते पाळी बंद करतं आणि मग हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. सर बिचारे ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून नागलीची भाकरी, अंडी, शेंगदाणे, सगळं त्यांनी स्वतः जातीने बघितलं.

काही महिन्यांनी भर मैदानातून फोन आला. "मॅडम, आली! पाळी आली!"

मागून सरांचा आवाज, "अरे वा! टाळ्या वाजवा रे सगळे!"

आणि मुलांनी खरंच टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे!

* * *

लग्न ठरलेली एक मुलगी काकडी आणि ग्रीन टीवर जगत होती. चक्कर येऊन पडली, तेव्हा येवल्याहून वडील धावत आले. पैठणी विणणारा माणूस, शांत, कमी बोलणारा.

मी मुलीला म्हटलं, "अशी उपाशी का राहतेस?"

"लग्नात पैठणी चांगली दिसायला हवी ना!"

वडील पहिल्यांदाच बोलले. "माझा जन्म मागावर गेला, बाळा. साडी बसत नाही म्हणून परत आणणारी बाई मी अजून बघितली नाही. तू जेव!"

* * *

आता शेवटचा सांगते.

विंचूरकडच्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. "हिचं वजन लय वाढलंय, म्हणून पोर राहत नाय. घरात सांगून सांगून थकले." सून खाली बघत बसलेली. तपासण्या झाल्या, औषधं दिली, रोज चालायला सांगितलं.

पुढच्या वेळी सून एकटी आली. घुटमळत म्हणाली, "मॅडम, पाळी कायमची गेल्यावर परत येते का?"

"तुझी?"

"माझी नाही, सासूबाईंची. त्या काही बोलत नाहीत. पण माझ्या पाकिटातले पॅड कमी होतायत."

मी तिला म्हटलं, काहीही कर, पण त्यांना घेऊन ये. पाळी गेल्यानंतर थेंबभर जरी रक्त गेलं, तरी दाखवायलाच हवं. सासूबाई ऐकेनात. "या वयात कुठं दाखवत फिरू?" सून त्यांच्याशी भांडली, रडली, शेवटी जेवण सोडून बसली, तेव्हा त्या आल्या. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. दवाखान्यात रात्रंदिवस सूनच उशाशी होती. सासूबाई बऱ्या झाल्या.

मध्यंतरी दोघी तपासणीला आल्या. सुनेचे उपचार चालूच होते, म्हणून मी तिला म्हटलं, "चल, वजन बघू."

ती काट्याकडे निघाली, तोच सासूबाईंनी तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

"त्या मशीनला काय कळतंय, डॉक्टरीणबाई? मला इचारा! घरात लय वजन हाय तिचं!"