हवेत ताणलेली कातडी

२०१९ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. लातुरातलं सलून बंद करून नांदेडला पोराकडं राहायला आलो आणि पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. मोठे सर शेजारी उभे राहणार, पण हात चालवणार एक शिकाऊ डॉक्टरीण. हदगावाकडची पोरगी, माझ्या नातीएवढी. मी सही करायला नाही म्हणालो.

पोरगा वैतागला. ती मशीनवर शिकलीय, त्यात पास झाल्याशिवाय सर माणसाला हात लावू देत नाहीत, असं समजावत होता. मी म्हणालो, लातूरच्या माणसाला मार्काचं सांगू नको. दुकानासमोर क्लास होते. नंबरात आलेल्या पोरांचे बोर्ड वाऱ्यानं फाटून लोंबायचे, तेही मीच बघितलेत.

आमच्या धंद्यातही नवा गडी आधी मडक्याला साबण लावून वस्तरा फिरवतो. मीही फिरवला. पण मडकं हलत नाही आणि त्याला रक्त येत नाही. शिवाय त्र्याण्णवच्या भूकंपाचं मनात होतं. तेव्हा जखमींचे केस काढायला मला तंबूत नेलं होतं. माझ्या भावाचं डोकं मीच भादरलं, टाके एका कोवळ्या डॉक्टरानं घातले. त्याचे हात थरथरत होते. पहिलेच टाके असावेत. भाऊ वाचला, पण शिवण वाकडी ती वाकडीच. जन्मभर टोपी काढली नाही त्यानं.

हे सगळं मी त्या पोरीला ऐकवलं. ती रागावली नाही. दुपारी मला खालच्या खोलीत नेलं, ती शिकली त्या मशीनचा जाड चष्मा डोळ्यांवर चढवला, हातांत मशीनच्या दोन मुठी दिल्या. खोली गेली आणि समोर पोटाचं आतलं सगळं, ओलं, हलणारं. मला वाटलं, जन्म गेला वस्तरा धरण्यात, ह्यात काय अवघड? सवयीनं डावा अंगठा कातडी ताणायला पुढं केला. तिथं कातडी कुठली, मूठच सुटली. बाजूची डॉक्टर मंडळी हसली. पुन्हा धरली तर समोर लालच लाल पसरलं.

चष्मा काढला. पडद्यावर माझ्या हाताची रेघ उमटली होती, करवतीच्या दात्यांसारखी. सलून गुडघ्यांमुळं बंद केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पोरालासुद्धा. तो मागंच उभा राहून ती रेघ बघत होता. मला एकदम लई थकल्यासारखं झालं.

"तुझी दाव," मी तिला म्हणालो. तिनं परवाची रेघ लावली, दोरी धरल्यागत सरळ.

"ही न्हाई. पहिल्या दिवसाची दाव."

तिनं तीही लावली. माझ्याहून वाईट होती.

"किती मारलेस ह्याच्यात?"

"बेचाळीस, आजोबा. मोजलेत मी."

"आन् खरी माणसं?"

"एकबी न्हाई. पण भीती वाटते, रोज."

तंबूतल्या त्या डॉक्टरालाही वाटत असेल. त्याला मोजायला बेचाळीस मिळाले नव्हते, माझा भाऊच मिळाला होता. मी जिना चढून वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली. मग वॉर्डातला माणूस पोटावरचे केस काढायला ब्लेड घेऊन आला. मीच करतो म्हणून हटून बसेन, असं पोराला वाटलं असावं. मी सदरा वर केला आणि पडून राहिलो.