इंग्रजांच्या कबरी आणि आमचा वरवंटा

शहरातल्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानात मी दगड धुवायच्या कामावर आहे. तिथल्या कबरी मोठ्या पेट्यांसारख्या आहेत, दगडाच्या. कडेने वेल, फुलं, पंख असलेली तोंडं कोरलेली. दुरुस्तीचं बघणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घासणी नाही, साबण नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी. मला काम बरं वाटलं. कोणाशी बोलावं लागत नाही.

कोपऱ्यात एक लहान कबर आहे. तिच्यावर दगडाचंच बाळ निजवलंय. डोक्याखाली उशी, उशीला झालर. नाक झिजून गेलंय. मॅडमनी खालची अक्षरं वाचून दाखवली. मुलगी होती, वर्षाचीही झाली नव्हती. तिचं नाव दोनदा कोरलं होतं.

मी तिच्या कानामागचं शेवाळ काढत होते. बरोबरची बाई पलीकडून ओरडली, "इंग्रजाच्या पोरीले आंघोळ घालून राहिली काय वं? तीट पण लाव मंग!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हात चालूच होते.

आमचीही एक मुलगी होती. नरखेडकडच्या गावात, सासरी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. म्हणून तिला नाव नाही. इतकं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. नवरा आणि सासरे घेऊन गेले. बायांनी जायचं नसतं, आणि बाळंतिणीने तर विचारायचंही नसतं. मी विचारलं नाही. पुढे शहरात आलो, दोन मुलगे झाले, मोठे झाले, तरी विचारलं नाही. रडूही फारसं आलं नव्हतं.

तिला नेलं त्याच दिवसापासून घरातला वरवंटा दिसेनासा झाला. बारशाला कुंची घालून पाळण्याखालून फिरवायचा म्हणून सासूने तो धुऊन ठेवला होता. ती मरेपर्यंत मला टोचत राहिली. "एक वरवंटा सांभाळता नाही आला इले. गिळला काय वं?" शेजारणीही हसायच्या. मलाच वाटायला लागलं होतं की मीच कुठे तरी टाकला असेल.

कबर धुतली त्या संध्याकाळी नवरा जेवत होता. तो मनीषनगरात एका इमारतीवर चौकीदार आहे, मागच्याच खोलीत आम्ही राहतो. मी विचारलं, "तिले कुठं ठेवलं होतं?"

कोणाला, हे त्याने विचारलं नाही. "आज काहून वं?"

"एका पोरीची कबर धुतली."

तो थोडा वेळ भात कालवत राहिला. "नाल्याच्या वरच्या अंगाले, मोठ्या निंबाखाली. वर बोरीच्या काट्या टाकल्या. कुत्रे उकरतीन म्हणून वजन पाहिजे होतं. वरवंटा नेला होता मी."

"मंग मायले सांगितलं काहून नाही?"

"तिनं परत आणायले लावला असता."

मी त्याला आणखी वरण वाढलं.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. निंब नव्हता. तिथे संत्र्यांची बाग झाली होती, झाडांच्या बुडाशी पाण्याच्या काळ्या नळ्या. नवरा एका झाडापाशी थांबला. "इथंच." मग पुढच्या ओळीत गेला. "नाही वं, इथं असन." मग कमरेवर हात ठेवून नुसताच उभा राहिला.

बाग लावताना निघालेले दगड कडेच्या बांधावर, धुऱ्यावर टाकलेले होते. त्यांत वरवंटा होता. एका टोकाला टवका उडालेला. लग्नाच्या वर्षी माझ्याच हातून पडला होता, म्हणून ओळखला. नळीच्या पाण्याखाली धरून मी त्याची माती हाताने सोडवली, कबरीवरची सोडवते तशी.

"इथंच ठेवून देऊ काय?" नवऱ्याने विचारलं.

"इथं म्हणजे कुठं?"



परतीच्या गाडीत गर्दी होती. मी वरवंटा पदरात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर तिकीट द्यायला वाकला. "काय मावशी, नागपुरात दगड भेटत नाही काय?"

पुढचे दोघे-तिघे हसले. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

"खाली ठेवा ना," कंडक्टर म्हणाला, "मांडी दुखन."

"नाही दुखत," मी म्हटलं.